जमा-नावे

नवऱ्याने एकाच प्रश्नाला भ्यावे, तो म्हणजे बायकोने रात्री दिवा घालवल्यावर विचारलेला.

"अहो, मी वाईट आई आहे का हो?"

त्या दिवशी चिरंजिवांनी (वय वर्षे अडीच) चौथ्यांदा भिंतीला वरणभात भरवला, तेव्हा हिने त्यांना एक चापट दिली होती. चिरंजीव दोन मिनिटांत विसरले. ही मात्र जागी. "वाईट कशाला? जरा धीर धरावा, एवढंच," असे म्हणून मी कुशीवर वळलो. पुरुषाला उपदेश आणि झोप या दोन्ही गोष्टी बरोबरच येतात.

२०१५ सालापासून आम्हा बँकवाल्यांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. अशाच एका चौथ्या शनिवारी ही मैत्रिणीकडे वास्तुशांतीला निघाली.

"जमेल ना हो?"

"अगं, एक तारखेला पेन्शनरांची रांग सांभाळतो मी!"

पेन्शनर निदान रांगेत उभे राहतात, हे मी विसरलो. चिरंजिवांना सव्वानऊला दूध हवे होते. दिल्यावर नको झाले, मी प्यायल्यावर पुन्हा हवे झाले. साडेदहाला त्यांनी माझ्या चपलांना आंघोळ घातली. अकराला माझा चष्मा कणकेच्या डब्यात सापडला. आणि सव्वाबाराला मीही त्यांना एक चापट ठेवून दिली. हिचा धीर अडीच वर्षे टिकला होता. माझा तीन तास.

रडणे ऐकून शेजारच्या काकू आल्या. "अगंबाई, एकटेच सांभाळताय? किती करता हो तुम्ही!" वर शिऱ्याची वाटीही दिली. याच काकू परवा हिला म्हणाल्या होत्या, "हल्लीच्या मुलींना एक पोर जड होतं."

इथे माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट जागा झाला. चापट तीच, पोर तेच. पण हिच्या खात्याला ती नावे पडते आणि माझ्या खात्याला शिरा जमा होतो! ही कुठली बुककीपिंग?

आपण प्रत्येक आईला 'श्यामच्या आई'च्या मापाने मोजतो. पण पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला त्या माउलीनेही चोप दिला होता, ते पान आपण सोयीने विसरतो. अत्र्यांचा चित्रपट आला १९५३ साली. त्याच साली विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने लिहिले, की मुलाला परिपूर्ण आई लागतच नाही, 'पुरेशी चांगली' आई लागते. सुरुवातीला ती मुलाचे सगळे पुरवते आणि मग ते वाढेल तसतशी थोडी थोडी कमी पडत जाते. त्यातूनच त्याला जग कळते. म्हणजे डिस्टिंक्शन नको, पास क्लास पुरे. चापटीला मात्र यात सूट नाही. ती नावेच पडणार, पण दोघांच्याही खात्याला. बापाला परीक्षेलाच न बसवता पास करायचे, हे कुठल्याच युनिव्हर्सिटीत बसत नाही.

संध्याकाळी ही आली. मी शिऱ्याची वाटी पुढे केली. "घे. चुकून माझ्या खात्यात जमा झाली होती." मग चापटीचेही सांगितले. त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तरही, उशिरा का होईना, दिले. आणि चौथा शनिवार यापुढे कायम माझा, असे जाहीर केले.

हिने शांतपणे सगळे ऐकून घेतले. शिऱ्याचा एक घास खाल्ला आणि म्हणाली,

"जरा धीर धरावा, एवढंच."