पाऊल आधी, पिशवी नंतर

वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. अमरावती जिल्ह्यातल्या या गावातून तिची पालखी आषाढीसाठी पायी पंढरपूरला निघते. वाट कित्येक आठवड्यांची. वारीला जायचं ठरलं, की आपण पिशवी भरायला बसतो. पण पाऊल आधी, पिशवी नंतर.

वऱ्हाडचं ऊन चढण्याआधी रोज चालावं. नवी चप्पल घरीच पायाला रुळू द्यावी. मग पिशवी उघडावी. कपड्यांचा एक जोड, पावसाला प्लास्टिकचा कागद. बाकी बरंचसं आपण ‘लागलं तर’ म्हणून कोंबतो. ती आपली भीती असते, आणि ती खांद्यावर वाहावी लागते. ओझ्यानं वाकलेल्याला शेजारी लंगडणारी म्हातारी दिसत नाही. हलका वारकरी तिचीही पिशवी घेतो.

पाऊल आधी, पिशवी नंतर. यंदा निघणार असाल, तर आज गावाबाहेरच्या देवळापर्यंत चालून या.