विचार करू देणारं संकेतस्थळ

कोलकात्याच्या जाधवपूर विद्यापीठाने 2013 साली ‘बिचित्रा’ हे संकेतस्थळ सुरू केलं. रवींद्रनाथांच्या बंगाली आणि इंग्रजी लेखनाची हस्तलिखितं, नियतकालिकांतले पाठ, पुस्तकांच्या आवृत्त्या, अशी सुमारे 1 लाख 40 हजार पानं तिथे आहेत. चकचकीत अ‍ॅपांना सरावलेल्या डोळ्यांना ते जुनाट वाटेल. तरीही चांगली वेबसाइट कशाला म्हणायचं, या वादात मला तेच आठवतं.

1995 च्या 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने कोलकाता, मुंबईसह मोजक्या शहरांत इंटरनेट सर्वांना खुलं केलं. त्या काळी वेबसाइट ही मिरवायची गोष्ट होती. सरकणारी अक्षरं, किती जण येऊन गेले ते सांगणारे आकडे, पुढे तर दारातच फ्लॅशमधला छोटा सिनेमा. वाचणाऱ्याचे हाल कुत्रा खात नव्हता. बंगाली किंवा मराठी वर्तमानपत्र वाचायचं तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्या, नाहीतर अगम्य चिन्हांकडे बघत बसा. सगळ्या लिप्यांसाठीची युनिकोड ही सामाईक पद्धत रुळल्यावर ते संपलं.

या मिरवण्याविरुद्ध याकोब निल्सन, स्टीव्ह क्रुग ही वेबसाइट वापरायला सोपी हवी असा आग्रह धरणारी मंडळी उभी राहिली. ‘मला विचार करायला लावू नका’ हेच क्रुगच्या 2000 सालच्या पुस्तकाचं नाव आणि सूत्रही. तिकीट काढताना, विजेचं बिल भरताना ते सोळा आणे खरं आहे. पण धंद्याने ते आपल्या सोयीने उचललं. न संपणारं पान, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, आपण न मागता खरेदीत शिरलेली देणगी. विचार करायला लावू नका, याचं विचार करू देऊ नका असं कधी झालं ते कळलंच नाही. अखेर 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा 13 फसव्या क्लृप्त्यांची यादीच काढून त्यांना मनाई करावी लागली.

‘बिचित्रा’ची वाट वेगळी. सुकांत चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या या प्रकल्पात ‘प्रभेद’ नावाची आज्ञावली आहे. एका कृतीचे निरनिराळे पाठ ती आधी प्रकरणांच्या, मग परिच्छेदांच्या आणि शेवटी शब्दांच्या पातळीवर ताडून दाखवते. कुठला पाठ सरस, हे मात्र सांगत नाही. ते वाचणाऱ्याने ठरवायचं. रवींद्रनाथ तर खोडलेल्या ओळी जोडून त्यांची चित्रं करत. ती पानं झरझर सरकवून काय हाती लागणार? तिथे थांबावंच लागतं. सोपेपणा हा कामाचा गुण आहे, वाचनाचा नव्हे, असं माझं मत. (सरकारी अर्ज भरून घेणाऱ्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये. तिथे अडवणूक ही अडवणूकच.)

आपल्याकडे शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या प्रती मिळवून तुकारामांची गाथा संपादित केली. 1869 आणि 1873 मध्ये ती इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत निघाली. त्या प्रतींतल्या पाठांवर आणि नंतरच्या आवृत्त्यांवर ‘बिचित्रा’सारखं काम मराठी विद्यापीठांनी हाती घ्यावं. रूप साधं असलं तरी चालेल. पाठ शेजारी शेजारी ठेवून वाचता आले पाहिजेत.