वजनदार प्रश्न

मराठीत 'वजन' हा शब्द मोठा लबाड आहे. कचेरीत कागद उडू नये म्हणून ठेवतात ते वजन, आणि कागद हलावा म्हणून ठेवतात तेही वजनच. डॉक्टर कमी करायला सांगतात ते वजन, साहेबांकडे असावं लागतं ते वजन, आणि नवऱ्याचं घरात नसतं तेही वजन. अस्मादिक बी.कॉम. असल्यामुळे या सगळ्यांची वेटेड ॲव्हरेज काढू शकतात. पण पिस्तुलाचं वजन किती असावं, हा प्रश्न घरात शिरला आणि माझी पदवी नि बँकेतली बावीस वर्षं एकदमच निकामी ठरली.

दचकू नका. पिस्तूल खेळाचं. दहा मीटरवर नेम धरायचं, हवेच्या दाबावर साडेचार मिलिमीटरची छर्र्याएवढी गोळी सोडणारं एअर पिस्तूल.

आम्ही पुनावळ्याला राहतो. एकेकाळी हे पवनेकाठचं शेतीचं गाव होतं; आता त्याच शेतांतून वीस-वीस मजल्यांची पिकं वर आली आहेत. महामार्गाखालच्या भुयारी रस्त्यात गाडी अडकली की माणसाला आत्मपरीक्षणासाठी मुबलक वेळ मिळतो. त्यातून सुटून वाकड ओलांडलं की बालेवाडी. तिथलं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं. तिथे नेमबाजीची रेंज आहे, आणि कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे, रेल्वेतला टीसी, २०२४ साली पॅरिसहून रायफलचं कांस्यपदक घेऊन आला तेव्हापासून आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं त्या रेंजकडे जाऊ लागली. त्यांत आमची कन्या. टीसीला जमतं तर क्लार्कच्या मुलीला का जमू नये, हा माझा हिशेब. निम्म्यांतली निम्मी सहा महिन्यांत गळाली. कन्या गळाली नाही, आणि एक दिवस सर म्हणाले, आता हिला स्वतःचं पिस्तूल हवं.

आता स्वतःचं म्हणजे कुठलं? माझी अशी समजूत होती की पिस्तूल म्हणजे पिस्तूल. पण स्टायर, मोरिनी, वॉल्थर अशी परदेशी घराणी निघाली, आणि प्रत्येकाचं वजन निराळं. बहुतेकांचं साधारण एक किलोच्या आगेमागे. शंभर ग्रॅम इकडे की तिकडे, यावर रेंजवरची शहाणी माणसं तासन्‌तास बोलतात. शंभर ग्रॅमवर एवढी चर्चा मी फक्त मंडईत केशराच्या बाबतीत ऐकली होती.

शेजारचे काका चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं मत, "जडच घ्या. वस्तू कशी हातात भरली पाहिजे." काकांनी उभ्या आयुष्यात कुकरपासून कुलपापर्यंत सगळं हातात तोलून घेतलेलं आहे. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं बरोबर उलट. "पोरीचं मनगट बघा आधी. हलक्यातलं हलकं घ्या." दोघांनीही सरांचं पिस्तूल एकेकदा उचललं आणि एकेक निकाल दिला. माझ्या मते गोम इथेच आहे. एकदा उचलून कुठल्याही ओझ्याविषयी मत देणारी माणसं जगात फार झाली आहेत, आणि त्यांतली बरीचशी आपल्या घरातच असतात.

स्पर्धेत गोळ्या झाडायच्या असतात साठ, पंचाहत्तर मिनिटांत. २०१७ पर्यंत बायकांना चाळीसच असत; २०१८ पासून त्यांनाही साठ. त्याआधी पंधरा मिनिटं सरावाच्या. शिवाय नेम जमला नाही म्हणून न झाडताच हात खाली घ्यायचा, असं कितीदा तरी होतं. म्हणजे हात शंभर-सव्वाशे वेळा वर जाणार. किलोचं पिस्तूल धरलं तर एका सामन्यात मुलगी क्विंटलभर माल उचलते! तोही एका हाताने, हात सरळ ताठ ठेवून. दुसरा हात वापरायला बंदी. तो खिशात घालतात. पॅरिसला तुर्कस्तानचा युसुफ दिकेच तसाच खिशात हात घालून उभा होता आणि रौप्यपदक घेऊन गेला; लोकांना ती ऐट वाटली. महिनाअखेरीला मीही तसाच उभा असतो. माझी ऐट कोणी मानत नाही.

मग हलकंच बरं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. तेव्हा सरांनी मला शाळकरी पोरासारखं समोर बसवून समजावलं. माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. श्वास हलवतो, नाडी हलवते, सकाळी घेतलेला चहासुद्धा हलवतो. जड वस्तू हलवायला जोर जास्त लागतो, म्हणून ही बारीकसारीक थरथर ती पोटात घालते. हलकं पिस्तूल चुगलखोर. हाताची प्रत्येक कुजबुज ते नळीच्या टोकाला जाऊन जाहीर करतं. आणि समोर दहाचं वर्तुळ आहे साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. पण जड पिस्तुलाचा उपकार खांद्यात बळ असेतोवरच. खांदा दमला की तेच वजन हात खाली ओढू लागतं. त्यातही वजन नळीकडे आहे की मुठीकडे, याने सगळा रंग पालटतो. त्यासाठी पाचदहा ग्रॅमचे तुकडे लावायची-काढायची सोय असते. थोडक्यात, पहिल्या गोळीचं योग्य वजन आणि साठाव्या गोळीचं योग्य वजन ही दोन वेगळी वजनं आहेत, आणि पिस्तूल मात्र एकच घ्यायचं असतं. संसारातही हे असंच असतं, पण तिथे तुकडे काढायची सोय नाही.

नियमावलीही मी वाचून काढली. बँकेत परिपत्रकं वाचून वाचून मला कुठलीही नियमावली कादंबरीसारखी वाचता येते. दहा मीटरच्या पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या वर चालत नाही. पंचवीस मीटरच्याला १४०० ग्रॅमची हद्द. पण चापाचा नियम नेमका उलटा! चाप ओढायला लागणारं वजन दहा मीटरला ५०० ग्रॅमपेक्षा, पंचवीस मीटरला हजार ग्रॅमपेक्षा कमी नको. तपासायला पिस्तुलाची नळी आकाशाकडे धरून चापाला ठरलेलं वजन अडकवतात आणि हळूच उचलतात. वजन उचललं गेलं तर पास. आधीच चाप सुटला तर नापास.

मला या नियमकर्त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. ओझ्याला कमाल मर्यादा आणि चापाला किमान! आपल्याकडे सगळा कारभार उफराटा. माणसाच्या डोक्यावर किती लादावं याला हद्द नाही, आणि तोंडाचा चाप मात्र इतका हलका की काउंटरवर "जरा थांबा" एवढं म्हटलं तरी समोरचा सुटतो. फ्री पिस्तूल नावाचा एक पन्नास मीटरचा प्रकार होता. त्यात पिस्तुलाच्या वजनाचंही बंधन नव्हतं आणि चापाचंही. २०१६ च्या रिओनंतर तो ऑलिंपिकमधून गेला. नावातच फ्री असलेल्या गोष्टी टिकत नाहीत, हा बँकेतलाही अनुभव आहे.

कन्येचं दैवत म्हणजे कोल्हापूरची राही सरनोबत. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत तिने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. नेमबाजीत वैयक्तिक आशियाई सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. थायलंडच्या मुलीशी ३४-३४ अशी बरोबरी. जादा पाच गोळ्यांत पुन्हा ४-४. त्याच्याही पुढच्या पाचांत ३-२. सामना संपला म्हणून दमलेला हात दोनदा पुन्हा वर गेला! त्याआधी कोपराच्या दुखण्याने तिला बराच काळ छळलेलं होतं. त्या वेळी तिच्या हातातल्या पिस्तुलाचं वजन काट्यावर किती भरलं असतं ते सांगता येईल. हाताला किती वाटलं असेल ते कोण सांगणार?

आणि इथेच माझी झोप उडाली. कारण नवं परदेशी पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जातं, आणि मला ते कर्ज काढूनच घ्यावं लागणार होतं. तर हप्त्याचं वजन पिस्तुलात धरायचं की नाही? तपासनीस पिस्तूल काट्यावर ठेवतात. त्याला लटकलेला बाप त्यांना दिसत नाही. सौ. म्हणाली, मुलीला किंमत सांगायलाच नको, उगाच दडपण. मला हे पटत नाही. मुलांना घरातले आकडे आपल्या आधी कळतात, आणि लपवलेला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. पासबुकात नोंद करावी तसा तो एकदा स्पष्ट सांगावा, आणि मग दर मेडलला त्याचं व्याज मागू नये. यातला पहिला भाग सोपा आहे. मी तो पार पाडला.

तिने ऐकून घेतलं. "किती महिने?" एवढंच विचारलं. मग महिनाभर ती दोन पिस्तुलं आलटून पालटून चालवत होती, एक नवं, जडसर, आणि एका मोठ्या मुलीचं वापरलेलं, हलकं. वहीत फक्त शेवटच्या दहा गोळ्यांचे गुण लिहायची. आधीच्या पन्नासांचे नाही. शेवटी तिने वापरलेलं निवडलं, नळीखाली दोन छोटी वजनं लावून. सर म्हणाले, हाताला बरोबर बसलंय. त्याची किंमत नव्याच्या निम्मी होती.

आता हे पिस्तूल तिने हाताला बसलं म्हणून घेतलं, की आमच्या खिशाला? वही मी तीनदा तपासली. खातं जुळतंय. पण खातं जुळलं की सगळं खरं असतं असं नाही, हे बँकेतल्या माणसाला कोणी शिकवायला नको. शेवटी न राहवून विचारलं, "स्वस्त म्हणून घेतलंस का गं?"

"बाबा, घड्याळ लावा आणि बोलू नका," ती म्हणाली. हॉलच्या कोऱ्या भिंतीसमोर उभी राहून तिने रिकामं पिस्तूल उचललं. मी सेकंद मोजायला लागलो. आठव्या सेकंदाला चाप न ओढताच तिने हात खाली घेतला, श्वास सोडला, आणि पुन्हा उचलला.

"हे धरू नका," ती म्हणाली. "अजून अडतिसावंच चाललंय."