नाक्यावरची खुर्ची

पहाटे वसईतल्या आमच्या सांडोरहून वसई रोड स्टेशनकडे रिक्षा भरून निघू लागल्या की कमावती पिढी गाव सोडते, ती रात्री आठ-नऊलाच परतते. मधल्या वेळात तिचा चहा, जेवण, झेरॉक्स, तुटक्या चपलेचा टाका, सारं अंधेरीला किंवा चर्चगेटला होतं. पापडी, पारनाका, झेंडा बाजार हे वसईतले जुने बाजार ओसरल्याचा दोष आपण मॉलला आणि मोबाइलवरच्या खरेदीला देतो. मला मूळ दुखणं वेगळं वाटतं. बाजाराला दिवसाउजेडी माणूस लागतो, आणि आमचा माणूस दिवसा इथे नसतो.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली ती जुन्या वसईपासून पाच-सहा किलोमीटर पूर्वेला. बाजारही हळूहळू तिच्यामागे सरकला. 2007मध्ये बोरिवली-विरार मार्ग चौपदरी झाला, गाड्या वाढल्या आणि मुंबईची ओढही वाढली. जनगणनेने सांडोरची नोंद शहर म्हणून केली, पण शहराला असते तशी दुपारची वर्दळ काही आली नाही.

23 मार्च 2020 रोजी कोरोनामुळे लोकल थांबली. त्या काळाची भीती मी विसरलेलो नाही. पण त्यानंतरच्या महिन्यांत भर दुपारी वाडीतल्या विहिरीपाशी तरुण मुलं दिसू लागली, कानात हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. घरून काम सुरू झालं, तरी घर कामासाठी बांधलेलं नव्हतं. एकाच खोलीत दोघांच्या मीटिंगा, कुकरच्या शिट्ट्या, आजारी आजोबा. आणि घरात बसलेला माणूस नाक्यावर तरी कशाला जाईल? म्हणून घर आणि कचेरी यांच्यामधली तिसरी जागा हवी, चालत जाण्याच्या अंतरावर, बाजारातच.

आयर्लंडच्या सरकारने 2021पासून गावोगावची अशी कामकेंद्रं एका जाळ्यात जोडली. घराजवळच्या केंद्रात टेबल राखून ठेवायचं आणि दूरच्या कंपनीचं काम तिथूनच करायचं. मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्यासाठी नव्या काचेच्या इमारतीच लागतात असं नाही. ओस पडलेल्या जुन्या वास्तूही चालतात.

आपल्याकडे तर याहून जवळचा धडा आहे. 1918मध्ये मोन्सिनियर मोनीस यांच्या पुढाकाराने इथल्या लोकांनी पतपेढी उभारली, सावकाराच्या ओसरीवर जावं लागू नये म्हणून. तीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली. बाजारातल्या कामाच्या खुर्चीसाठीही असंच सहकारी भांडवल का जमू नये? मालकी बाहेरच्या कंपनीकडे गेली तर पहिल्याच वर्षी भाडी चढतील आणि ज्या शिंप्याला, न्हाव्याला, खानावळवालीला जगवायचं, तेच आधी उठतील. ही भीती मला खरी वाटते, म्हणून मालकीचा मुद्दा मी टेबल-पंख्यांच्याही आधी मांडतो.

परिचारिका, फिटर, दुकानातला नोकर यांना गाडी पकडावीच लागेल, हेही कबूल करायला हवं. सगळं गाव खुर्चीवर बसून कमावणार नाही. पण आठवड्यातले दोन दिवस जरी काही माणसं इथे राहिली, तरी दुपारच्या थाळ्या वाढतील. वसईच्या भाजीवाल्या पहाटेच्या गाडीने टोपल्या मुंबईला नेतात. त्यांतली एखादी, वाडीतली केळी-वांगी घेऊन, संध्याकाळी पारनाक्यावरच बसू शकेल.

अशा केंद्राला वीज मात्र हवी. जुलै 2018च्या पुरात वसई पाण्याखाली गेली आणि अनेक भाग दिवसेंदिवस अंधारात होते. उंच जोतं, भक्कम इन्व्हर्टर, दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट आणि फोनवर बोलायला दार लागणारी छोटी खोली, एवढ्याने सुरुवात करता येईल. सभागृहं आणि संस्थांच्या खोल्या सोमवार ते शुक्रवार दुपारी रिकाम्याच असतात, त्याच वापरता येतील.

तिथे पहिली येऊन बसेल ती कोण, हे मला ठाऊक आहे. माझ्या नात्यातल्या एकीने मूल झाल्यावर नोकरी सोडली. कामाला ती कंटाळली नव्हती, रोजच्या चार तासांच्या प्रवासाने थकली होती. परवा तिने विचारलं, ‘काका, सकाळी नऊला उघडेल ना? बाळाला बालवाडीत सोडून सरळ तिकडेच येईन.’