चारचौघांतली चूक

गेल्या श्रावणात आई आजारी पडली, म्हणून तिला जिल्ह्याच्या गावी इस्पितळात ठेवले होते. रात्रीच्या जेवणाआधी एक तरुण परिचारिका तिला इन्सुलिन टोचायला आली. औषधाची बाटली मी घरून नेलेली, १०० युनिटची. तिच्या हातातली सिरिंज मात्र लाल टोपणाची, म्हणजे ४० युनिटच्या औषधासाठी असते ती. १०० च्या औषधाला नारिंगी टोपणाची लागते. लाल सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत हे औषध भरले, तर अंगात १६ ऐवजी ४० युनिट जातात. साखर एकदम उतरून म्हातारे माणूस बेशुद्ध पडायचे!

"थांब!" पलीकडच्या खाटेपासून मोठ्या सिस्टर ओरडल्या. मुलीचा हात जागच्या जागी थांबला. त्या एका शब्दासाठी मी सिस्टरांचा जन्माचा ऋणी आहे.

पण त्या एका शब्दावर थांबल्या नाहीत. "एवढेही कळत नाही? तुला पास केले कुणी?" बारा खाटांवरचे रोगी, त्यांचे नातेवाईक, झाडूवाल्या मावशी, सारे ऐकत होते. मुलगी मान खाली घालून उभी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी तिच्या हातून साधी गोळी घेतली नाही.

मला माझी शाळा आठवली. पंधरा वर्षांपूर्वी एका नव्या शिक्षकाचे फळ्यावरचे गणित मी त्याच्या वर्गासमोर दुरुस्त केले होते. मुले हसली. त्यानंतर त्याने मला कधीच काही विचारले नाही. मी समजलो, त्याला आता सारे येऊ लागले!

कुणी म्हणेल, जिवाशी गाठ असताना मानापमान कसले पाहता? खरे आहे. म्हणूनच थांबवायचे ते तत्क्षणी, हजार माणसांत असले तरी. पण धोका टळल्यावर उरते ते शिकवणे, आणि त्याला आडोसा लागतो. चारचौघांत लाजवलेले माणूस पुढच्या वेळी शंका आली तरी विचारत नाही; आणि इस्पितळात न विचारलेली शंका रोग्याच्या अंगात जाते.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीचे बोलणे कानी पडले. "ताई, तुम्ही अडवलंत म्हणून आजी वाचल्या. पण पुढचं मला आत बोलावून सांगत जा. तिथं चार शब्द जास्त बोला, मी ऐकेन." सिस्टर काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र औषधांच्या कपाटापाशी दोघी उभ्या होत्या. एक बाटलीवरचा आकडा वाचत होती, दुसरी सिरिंज पाहत होती.

निघताना मी त्या मुलीला जिन्यात गाठले आणि म्हणालो, "बाटली वेगळी आहे, हे मी आधीच सांगायला हवे होते." ती हसली. बसमध्ये बसल्यावर माझ्या ध्यानात आले की, दुसऱ्याची चूक आडोशाला सांगावी हे खरे; पण ही तर माझी होती. ती मी त्या बारा खाटांसमोर सांगायला हवी होती.