आधी पान देवाचं

दिवेआगरला आमच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत. सारण बेताचं गोड झालं का, वरणात मीठ पडलं का, हे देवापुढे पान ठेवून पाणी फिरवल्यावरच कळायचं. मीठ हाताच्या अंदाजानं घालायचं आणि वासही मुद्दाम घ्यायचा नाही. १९९७ साली इथल्या सुपारीच्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला, माणसं येऊ लागली, पुढे मी खाणावळ काढली. तरी आधी पान देवाचं, हा क्रम मोडला नाही.

यंदा चैत्रात भाचा श्टुटगार्टहून आला आणि आर नदीच्या खोऱ्यातली श्पेटबुर्गुंडर वाइन ओट्यावर ठेवून म्हणाला, "मावशी, हिच्याबरोबर जेवायला काय करशील?"

नुसतं नाही म्हणून मी मोकळी झाले नाही. तो सांगत होता ते मन लावून ऐकलं. द्राक्ष पिनो न्वारचं. त्यातली जवळपास सगळी साखर आंबून संपते; बाटलीवर 'ट्रोकन' लिहायचं तर लिटरला फार तर ९ ग्रॅम उरलेली चालते. आंबटपणा खरा, तुरटपणा हलका. तिकडे ती बदकाबरोबर, अळंब्यांबरोबर, कांदा पसरून भाजलेल्या पातळ पोळीबरोबर घेतात. मी पेल्याचा वास घेतला. मला पिकलेली करवंदं आठवली. मग मनात एकेक पदार्थ लावून पाहिला. मोदक नकोत, गुळापुढे ती कडवट लागेल. सोलकढी म्हणजे आंबटावर आंबट. झणझणीत काही केलं तर दारूनं तोंड आणखी पोळेल. ओल्या काजूची उसळ मात्र शोभेल: खोबऱ्याचं वाटण, गोडा मसाला जरासा, मिरची नावाला. वाइनचा थेंबही न चाखता मी तिच्यासाठी रांधत होते आणि हात नैवेद्याला चालतो तसाच चालत होता.

शास्त्र मला ठाऊक आहे. मनुस्मृतीत सुरापान महापातकांत मोजलंय. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात मात्र मांस, मद्य यांकडे ओढ असणं हा प्राण्यांचा स्वभाव आहे, त्यात दोष नाही, पण निवृत्तीचं फळ मोठं, असंही म्हटलंय. महाभारताच्या आदिपर्वात असुर कचाची राख सुरेत कालवून शुक्राचार्यांना पाजतात. शुद्धीवर आल्यावर ते सुरा पिणाऱ्या ब्राह्मणांना शाप देतात. त्यांचा संताप चवीवर नव्हता. लाडका शिष्य घोटाबरोबर पोटात गेला तरी ओळखता आला नाही, ही त्यांची आग होती. एकच पेला घेऊन घोटाघोटाला थांबणारा माझा भाचा त्या शापात सापडतो, असं मला वाटत नाही.

गीतेचा दुसरा अध्याय अधिक अवघड. उपाशी राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, त्यांची गोडी आत उरते. ती परतत्त्व दिसल्यावरच जाते, असं तिथे सांगितलंय. म्हणजे बाटली दूर ठेवली एवढ्यानं मीही सुटले नाही. करवंदांचा वास मला आवडलाच होता. या गोडीवर नैवेद्याइतका शहाणा उपाय मला दुसरा दिसत नाही. तो चव मारायला सांगत नाही. जीव ओतून चव घडव आणि ती आधी दुसऱ्याला दे, म्हणतो. हे इतकी वर्षं हातानं करत आले, विचारात आत्ता उतरलं.

उसळ देवाला दाखवून झाली. भाच्यानं पान ओटीवर घेतलं आणि विचारलं, "वाइन का नाही दाखवत? राखणदाराला दारू चालते ना?"

चालते. आपल्याच कोकणात त्याला दारूचा मान आहे, उज्जैनला काळभैरवालाही मद्य देतात. देव नाकारील, असं मी म्हटलंच नाही. पण नैवेद्य परत आला की तो प्रसाद होतो आणि प्रसाद घरातल्या सगळ्यांच्या तोंडी पडायला हवा. जे मी घेणार नाही ते त्याच्यापुढे कसं ठेवू? भाचा गप्प राहिला, पटलं की नाही ते बोलला नाही. पुढच्या वेळी पावसात ये, तुपावर अळंबी परतून घालीन, म्हटलं, मिरचीऐवजी मिरी.