स्वस्त साजशृंगार

स्त्रीने नटावे की नटू नये, हा प्रश्न धर्मोपदेशकांना फार प्राचीन काळापासून सतावीत आला आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी तर्तुलियनने स्त्रियांच्या साजशृंगारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात डोळ्यांतल्या काजळाचीही गय केली नाही. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांची दृष्टी अधिक समंजस होती. पतीला प्रिय वाटावे म्हणून नटणाऱ्या पत्नीला त्यांनी दोषी ठरविले नाही; आजाराने आलेले व्यंग झाकणे आणि नसलेल्या सौंदर्याचा आव आणणे यांतही त्यांनी फरक केला. पण या साऱ्या वादात एक स्त्री कोठेच दिसत नाही. जिची हौस मोठी आणि पर्स लहान, अशी स्त्री.

तिला पाहायचे तर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटकडे जावे. १८६९ साली उभ्या राहिलेल्या आणि आता महात्मा जोतिबा फुले यांचे नाव धारण करणाऱ्या या मंडईच्या परिसरात सौंदर्यप्रसाधनांची स्वस्त दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. लग्नसराई जवळ आली की आमच्या वसईकडील मायलेकी लोकलने मरीन लाइन्सला उतरून तेथवर चालत जातात. हाताच्या पालथ्या बाजूवर लिपस्टिकच्या रेघा ओढून रंग पारखतात, करवल्यांसाठी नेलपॉलिश घेताना मनसोक्त घासाघीस करतात.

एवढ्यासाठी एवढा प्रवास? पोटाला चिमटा काढून हे चोचले कशाला? असे विचारणारे पुष्कळ भेटतात. बेथानीच्या मेजवानीत सुगंधी तेल ओतले गेले तेव्हाही कोणीतरी तीनशे दिनारांचा हिशेब मांडलाच होता, आणि योहानाने तो यहूदाच्या तोंडी घातला आहे! शिवाय जी मुलगी दिवसभर दुकानाच्या काउंटरमागे उभी असते, तिने नीटनेटके, प्रसन्न दिसावे अशी मालकाची अपेक्षा असते. त्या प्रसन्नतेचा खर्च मात्र पगारात धरलेला नसतो. तिने तो स्वस्तात भागविला, तर त्याला चैन म्हणावयास आम्ही तयार नाही.

प्रश्न निराळाच आहे. वस्तू स्वस्त का पडते? काही स्वस्ताई निष्पाप असते: डबी साधी, जाहिरातीत सिनेतारका नाही, रंग गेल्या मोसमाचा. दुसऱ्या स्वस्ताईत किंमत कोणीतरी मोजलेलीच असते. ती फक्त चिठ्ठीवर छापलेली नसते. गोरेपणाच्या कित्येक बेनामी क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. आणि तोच पारा त्वचेवाटे रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करू शकतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे वृत्त २०२३ साली प्रसिद्ध झाले. केरळातील डॉक्टरांनीही असेच रुग्ण नोंदविले आहेत. २०२० च्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही.

मग महागडे तेवढे निर्मळ, असे समजावे काय? तसेही नाही. आयशॅडोची चमक बहुधा अभ्रकाची असते, आणि झारखंडातील कोडरमा-गिरिडीह भागात सोडून दिलेल्या खाणींतून तो वेचणाऱ्यांत लहान मुलेही आढळली आहेत. उंची दुकानातल्या पेटीतही तो अभ्रक असू शकतो.

आम्हाला अधिक बोचते ती वेगळीच गोष्ट. लिपस्टिक मुलगी हौसेने घेते. गोरेपणाची क्रीम ती भीतीने घेते. ही भीती कोणा दुकानदाराने एकट्याने निर्माण केलेली नाही. स्थळ सुचविणाऱ्या मावशीला पहिला प्रश्न ‘मुलगी गोरी आहे का?’ असाच विचारला जातो, आणि तो विचारणारी मंडळी रविवारी आपल्याच बाकावर बसलेली असतात. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये आपल्या नावातले गोरेपण काढून टाकले. मुलगी पाहायला आलेल्यांचा प्रश्न बदलल्याचे अद्याप आमच्या कानी आलेले नाही. ज्या घरात सावळ्या लेकीला लहानपणापासून हसत हसत ‘काळू’ म्हटले जाते, त्या घराने पाऱ्याबद्दल नुसते दुकानदाराला बोल लावावेत, हे काही आमच्या मनाला पटत नाही.

तोवर बाजार तर करावाच लागणार. उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि कधीपर्यंत वापरावे ती तारीख डबीवर असलीच पाहिजे. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचे नावही हवे. यांतले काही नसेल तर डबी परत ठेवावी, दुकानदार कितीही भाव पाडो. सोबत जाणाऱ्या आयांनी मात्र चष्मा घरी विसरू नये. ती अक्षरे फार बारीक असतात.